टपरीवर लागलेल्या एकेचाळीस आगी

नकाशावर विश्वास ठेवायचा तर त्या डोंगरातलं सगळ्यात पेटणारं ठिकाण म्हणजे रुद्रम्माची चहाची टपरी. येडशीच्या पुढं रस्ता चढून माथ्यावर येतो, तिथं वडाखाली चार पत्रे, दोन बाकडी आणि एक गॅसची शेगडी. एवढ्याशा जागेत तीन वर्षांत एकेचाळीस वणवे लागल्याची नोंद होती. टपरी मात्र जशीच्या तशी उभी होती, आणि भज्यांच्या कढईशिवाय तिथं कधी धूर निघाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

हा नकाशा केला होता शाहिस्तानं. शाहिस्ता ही धाराशिवच्या इरशाद मास्तरांची थोरली मुलगी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. बाजारात त्यांचं हातभर दुकान आहे आणि गळ्यात टेप नसेल तर ओळखीची माणसंही त्यांना ओळखत नाहीत. मुलगी संगणक शिकली आणि वनखात्याच्या एका लहानशा कार्यालयात कंत्राटावर नकाशे करायला लागली. लग्नकार्यात आत्या-मावश्या विचारत, "जंगलात काम करतीस म्हणं, वाघ दिसतो का गं?" त्यावर शाहिस्ता सांगे, "वाघ न्हाय हो फुफी, एक्सेल दिसतं." एक्सेल हा वाघापेक्षा मोठा प्राणी असावा असा फुफींचा समज झाला असेल.

एका अर्थानं तो होताच. जंगल एक, पण त्याच्या माहितीची घरं चार, आणि चारही घरांचं एकमेकांशी बोलणं बंद. उपग्रहाकडून मोबाइलवर निरोप येई की अमुक ठिकाणी आग आहे. पण कुणी शेतात उसाचं पाचट पेटवलं तरी तो तितक्याच गंभीरपणे येई, म्हणून नकाशावर आग चढायची ती वनरक्षकांनी मोबाइलवरून पाठवलेल्या नोंदीवरूनच. महसूलचा नकाशा गट नंबरानं चाले, वनखात्याचा कक्ष क्रमांकानं. शेजारच्या कार्यालयानं स्वतःचा नकाशा केला होता. तो आपल्या नकाशाशेजारी ठेवला की मधे एक पट्टा उरायचा जो कुणाचाच नव्हता, आणि एक तलाव दोघांचाही व्हायचा. पाणवठ्यांच्या यादीत तर एकच डबकं तीन नावांनी तीनदा बसलं होतं. शाहिस्तानं त्यातली दोन काढून टाकली तेव्हा तिचे साहेब, परिक्षेत्र अधिकारी अनिरुद्ध, म्हणाले, "एका दिवसात दोन पाणवठे आटवलेत तुम्ही." साहेब तरुण होते, चांगले होते आणि कायम घाईत असत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातल्या त्या बुधवारीही ते घाईतच होते. पंधरा तारखेपासून आगीचा हंगाम सुरू होतो. यंदा हंगामापुरते आठ अग्निरक्षक मिळणार होते, आणि कुणाला कुठं उभं करायचं याची यादी नकाशासकट शुक्रवारी वरच्या कार्यालयात जायची होती. वरून सूचना स्पष्ट होती. जिथं आगी जास्त, तिथं माणसं जास्त. अंदाजानं नाही, नोंदीनं.

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून बोट फिरवलं. "टपरीच्या भागात सहा. उरलेले दोन येडशीच्या बाजूला. झालं."

नेमका तेव्हाच महांतप्पा पाचोळा उडवून आग रोखायचा ब्लोअर दुरुस्तीला टाकायला आत आला. महांतप्पा म्हणजे तिथला सगळ्यात जुना वनरक्षक. मूळ नळदुर्गाकडचा, घरात कानडी, बाहेर मराठी, आणि जंगलात बहुतेक वेळ मौन. तीस वर्षं तो याच डोंगरात पायी फिरत होता आणि मे महिन्यात निवृत्त होणार होता. नव्या पोरांपैकी एकही असा नव्हता ज्याला जंगल त्यानं दाखवलं नाही. त्यानं नकाशा पाहिला, चष्मा काढून पुसला, परत पाहिला.

"साहेब, हितं साळिंदर दऱ्यात एकबी ठिपका न्हाय."

"नोंदच नाही ना तिथली."

"नोंद न्हाय?" महांतप्पानं बोट नकाशावरून उचलून स्वतःच्या कपाळाला लावलं. "मग ही काय हाय?"

त्याची उजवी भुवई अर्धीच होती. मागच्या वर्षी एप्रिलात साळिंदर दऱ्यात वणवा पेटला तेव्हा तिथं दोघंच होते, तो आणि मल्हार नावाचा तरुण वनरक्षक. वारा फिरला आणि आग दोन्ही अंगांनी आली. कोरड्या ओढ्याच्या पात्रात पालथं पडून दोघांनी जीव वाचवला. भुवई गेली ती अर्धी परत आली, उरलेली आली नाही. हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. फक्त नकाशाला ठाऊक नव्हतं.

"दऱ्यात माणसं न्हाय दिली तर म्या एकटा मल्हारला घेऊन परत तेच करायचं का? आन मे नंतर त्यो एकटाच," महांतप्पा म्हणाला. आवाज चढवून नाही. त्याचा आवाज चढतच नसे.

साहेब अवघडले. "मामा, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण वर तुमची भुवई नाही पाठवता येत मला. नोंद लागते."

शाहिस्ताचं तोंड कडू झालं. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तिचं नाव होतं. दुपारी तिनं स्कूटी काढली आणि ही पेटती टपरी एकदा डोळ्यांनी बघायला ती थेट माथ्यावर गेली.

रुद्रम्मा साठीची, अंगानं भरलेली, बोलण्यात सैल. "ये गं. आग बघाया आलीस व्हय माझी? मल्हारनं सांगितलं मला. लई मोठी झाले म्हण की मी नकाशात!" तिनं चहा टाकला आणि शाहिस्ता बाकड्यावर बसून राहिली.

फार वेळ बसावं लागलं नाही. तीनच्या सुमारास मल्हार खालच्या पायवाटेनं वर आला. तोंड धुतलं, चहा सांगितला, बाकड्यावर टेकला आणि मोबाइल काढून वनखात्याचा फॉर्म भरायला लागला. सकाळी दोन कोस खाली एक पाणवठा तपासला होता, त्याची नोंद. पाणी किती, पाऊलखुणा कशाच्या, सगळं नीट आठवून भरलं. शेवटी त्यानं जागा टिपण्याचं बटण दाबलं. मोबाइलनं इमानदारीत जागा टिपली. वडाखालची.

शाहिस्तानं कप खाली ठेवला.

"मल्हार, फॉर्म तिथंच का नाही भरला? पाणवठ्यावर?"

"तिथं रेंज कुठं हाय म्याडम? सगळ्या डोंगरात रेंज फकस्त हितं, रुद्रम्माच्या बाकड्यावर. आमी समदेच हितं येऊन भरतो."

"पण जागा चुकते ना त्यानं!"

मल्हार गोंधळला. मग अगदी सरळपणे म्हणाला, "तुमीच सांगितलतं की म्याडम. ट्रेनिंगमधी. रेंज आसल तिथंच फारम भरा, न्हायतर माहिती वाया जाती."

सांगितलं होतं. कार्यालयाच्या व्हरांड्यात, तीन वर्षांपूर्वी, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात. एकदा एकाची नोंद पाठवताना पुसली गेली होती, म्हणून तिनं ते वाक्य दोनदा बजावलं होतं. मोबाइलला जागा उपग्रहावरून कळते, टॉवरवरून नाही. वर मोकळं आभाळ असलं की पुरे. फॉर्म जागेवर भरून ठेवायचा आणि रेंज आल्यावर नुसता पाठवायचा. हे सांगायचं राहून गेलं होतं. आणि ही पोरं इतकी आज्ञाधारक की तीन वर्षं डोंगर उतरून, डोंगर चढून, टपरी गाठून मगच नोंद करत होती.

तिला कानकोंडं झालं. रडू आलं नाही, पण हसूही आलं नाही. दुसऱ्या कुणाची चूक असती तर तिनं चार दिवस जेवताना सांगितली असती. ही तिची स्वतःची होती, आणि तिच्यामुळं दऱ्यात माणूस उभा राहणार नव्हता.

"तोंड कशाला पाडतीस?" रुद्रम्मा म्हणाली. "तुज्यामुळं माझा धंदा चालला तीन वरीस. ह्यातला एकबी चहा प्यायला वर येत नव्हता आदी."

संध्याकाळी कार्यालयात जाऊन शाहिस्तानं साहेबांना सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्यसुद्धा. साहेबांनी डोक्याला हात लावला. मग खुर्चीत मागं रेलून थोडं हसले आणि परत डोक्याला हात लावला.

"शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत," ते म्हणाले. "त्याच्या आत एकेचाळीस आगी टपरीवरून उचलून आपापल्या जागी ठेवता आल्या तर ठेवा. पण पुरावा पाहिजे. मामांनी सांगितलं म्हणून, असं चालणार नाही."

पुरावा महांतप्पानंच दाखवला. प्रत्येक वनरक्षकाला रोजची फेरी डायरीत लिहावी लागते. त्या डायऱ्या महिनाअखेरीला सही होऊन कपाटात जात आणि तिथंच मोक्ष पावत. गुरुवारी सकाळी शाहिस्तानं त्या काढल्या. मोबाइलच्या नोंदीत तारीख होती आणि वनरक्षकाचं नाव होतं. त्या तारखेची त्याची डायरी उघडली की जागा सापडायची. फक्त जागा अशी लिहिलेली असायची: "उंबराच्या झिऱ्याखाली गवत पेटले." "घोडखिंडीच्या उजव्या अंगास." "मुन्शीच्या चौथऱ्याजवळ, विझविली." सगळ्यांना जंगल महांतप्पानं दाखवलेलं, म्हणून सगळ्यांची नावं एकच. आणि यातलं एकही नाव संगणकातल्या नकाशावर नव्हतं. तिथं नुसते आकडे.

"मामा, ही नावं तुम्हाला कुणी सांगितली?"

"माझ्या आदीच्या गार्डानं. त्याला त्याच्या आदीच्यानं. निजामाच्या येळंपासून हायत. तवाचा नकाशा हाय की त्या पत्र्याच्या पेटीत. पर त्यो कुणाला वाचता येत न्हाय."

पेटीत कापडावर चिकटवलेला एक जुना नकाशा निघाला, घड्यांवर विरलेला. सगळ्यांनी त्याच्याकडं अदबीनं पाहिलं, कारण तो उर्दूत होता. शाहिस्तानं मात्र वाकून वाचायलाच सुरुवात केली. तिची दादी खातूनबी हिनं लहानपणी कान धरून उर्दू शिकवली होती, आणि याचा कधी उपयोग होईल असं दादीशिवाय कुणालाच वाटलं नव्हतं.

"घोडखिंड," ती वाचत गेली. "चबूतरा मुन्शी. हा उंबराचा झिरा. आणि हे बघा मामा, साळिंदर दरा!"

महांतप्पा खाली बसला. तीस वर्षं तोंडातल्या तोंडात फिरवलेली नावं कागदावर लिहिलेली आहेत हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. "लिवलंय व्हय खरंच?" त्यानं विचारलं, आणि त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांवरून हळूच अंगठा फिरवला.

आता जुन्या नकाशाचा फोटो काढून तो नव्यावर बसवायचा होता. तो बसेना. वरून जुळवला की खालून सुटायचा, डावीकडून ओढला की ओढा डोंगरावर चढायचा. बारा वाजले, साडेबारा वाजले. शाहिस्तानं लॅपटॉप उचलला आणि अब्बांच्या दुकानात गेली.

इरशाद मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. नकाशातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण कापड म्हटल्यावर ते पुढं सरकले. "हौ बेटा, हे जुनं कापड आहे. शंभर वर्षांत घडीवर ताणलंय, कडेला आक्रसलंय. सगळं एकदम ओढू नक्को. बाही लावताना मी काय करतो? आधी दोन्हीकडच्या खुणा जुळवतो, तिथं टाका घालतो. मधलं आपोआप बसतं."

खुणा म्हणजे जे दोन्ही नकाशांत आहे आणि जागचं हललेलं नाही, ते. शाहिस्तानं शोधलं. हद्दीचे तीन जुने दगड, तलावाचा बांध, एक दर्गा, एक बारव. सहा ठिकाणी टाका घातला आणि बाकीचं जंगल हळूहळू जागेवर येऊन बसलं. मास्तरांनी मान डोलावली आणि परत कुणाच्या तरी सदऱ्याकडं वळले.

कार्यालयाचं छपाईयंत्र लहान, म्हणून नकाशाचे बारा कागद निघाले. ते मास्तरांनी अस्तराच्या कापडावर कच्च्या टाक्यानं जोडून दिले. गुरुवारी चार वाजता ते कापड रुद्रम्माच्या टपरीपुढं अंथरलं गेलं आणि भोवती सहाही वनरक्षक मांडी घालून बसले. मोबाइलच्या पडद्यावर बोट लावायला बिचकणारी ही माणसं कापडावर मात्र अशी सरसावली की विचारू नका. शाहिस्ता तारीख आणि डायरीतली ओळ वाचायची, ज्याची आग त्यानं जागा दाखवायची, महांतप्पानं मान हलवायची, आणि तिथं एक भाजका शेंगदाणा ठेवायचा.

"तेरा मार्च. घोडखिंडीच्या उजव्या अंगास."

"ही माझी! हितं. न्हाय, अजून खाली."

"तू खाली गेलाच न्हाईस, वरूनच वरडत हुतास," दुसरा म्हणाला, आणि शेंगदाणा दोन बोटं वर सरकला.

मधेच हिशेब लागेना. दोन आगी गायब. शोधाशोध झाली, तेव्हा मल्हारचा चावणारा जबडा थांबला. बोलण्याच्या नादात त्यानं मुन्शीच्या चौथऱ्याजवळच्या दोन्ही आगी खाल्ल्या होत्या. रुद्रम्मा हसून हसून पदर तोंडाला लावून बसली. "मागल्या साली वणवाबी असाच गिळला असतास तर कशाला झोडपत बसावं लागलं असतं!"

एकेचाळीसपैकी आठ आगींची डायरीत धड ओळ नव्हती. "अंदाजानं ठेवू की," मल्हार म्हणाला. शाहिस्तानं नाही म्हटलं. ते आठ शेंगदाणे तिनं एका बशीत बाजूला ठेवले आणि यादीत लिहिलं, जागा माहीत नाही. उरलेल्या तेहतिसांपैकी सतरा एकट्या साळिंदर दऱ्यात होते. तिथला कागद शेंगदाण्यांखाली दिसेनासा झाला होता. इतकी आग आपणच विझवली हे त्यांनीही एका ठिकाणी मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग शाहिस्ता उभी राहिली. "तीन वर्षांपूर्वी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली, आणि काय चुकलं ते सगळं सांगितलं. ऐकणाऱ्यांना राग यायला हवा होता. पण त्यांना वेगळीच काळजी पडली.

"म्हंजे आता फारम भरायला हितं यायचं न्हाय?" एकानं विचारलं.

"भरायचा जागेवर. पाठवायला या की."

"मग झालं," तो म्हणाला आणि रुद्रम्मानंही भांडं परत गॅसवर चढवलं.

शुक्रवारी एक वाजून पन्नास मिनिटांनी नकाशा, डायऱ्यांची पानं आणि यादी वर गेली. वरून दोनदा फोन आला. पहिल्यांदा साहेबांना विचारलं की बशीत आठ म्हणजे काय. शाहिस्ताच्या टिपणात ते चुकून तसंच राहिलं होतं. दुसऱ्यांदा मंजुरी आली. साळिंदर दऱ्याला तीन अग्निरक्षक मिळाले. टपरीला एकही नाही, याचं रुद्रम्माला जरा वाईट वाटलं. तिची समजूत काढायला शाहिस्तानं नव्या नकाशावर वडाखाली एक छोटी खूण केली आणि पुढं लिहिलं: रेंज. चहा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी दीड वाजता, उपग्रहाचा निरोप आला. साळिंदर दऱ्याच्या आसपास आग. आसपास म्हणजे उपग्रहाच्या हिशेबानं, अर्धा कोस इकडंतिकडं. शाहिस्तानं महांतप्पाला फोन लावला, संपर्कक्षेत्राच्या बाहेर. मल्हारला लावला, तोही. वारा होता. कार्यालयासमोरच्या कडुलिंबाची पानं गरागरा फिरत होती, आणि ती खिडकीतून नजर काढू शकत नव्हती. साहेब गाडी घेऊन निघाले. ती पडद्यासमोर बसून राहिली. अडीच वाजले, तीन वाजले. तिला सारखं ते ओढ्याचं कोरडं पात्र दिसत होतं आणि त्यात पालथी पडलेली माणसं. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

चार वाजून दहा मिनिटांनी एक फॉर्म येऊन पडला. आत वेळ होती एक वाजून पाच, म्हणजे उपग्रहाचा निरोप यायच्या आधीची. ठिपका वडाखाली नव्हता. तो पार खाली, साळिंदर दऱ्यात, उंबराच्या झिऱ्याच्या अगदी कडेला होता. जळालेलं क्षेत्र, दहा गुंठे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: "विझली. पाचजण होतो म्हणून विझली. रेंज नव्हती पण जागा बरोबर आहे."

तिनं ते तीनदा वाचलं. तेवढ्यात फोन वाजला. मागून कपबशांचा आवाज येत होता.

"पोरी, फारम पोचला का?" महांतप्पानं विचारलं.

"पोचला मामा," शाहिस्ता म्हणाली. "भुवया?"

पलीकडं बहुधा तो हात लावून बघत असावा.

"सकाळी जेवढ्या हुत्या," महांतप्पा म्हणाला, "तेवढ्या हायत."